दोन-चार उदाहरणं जुळली म्हणजे सूत्र खरं ठरत नाही, हे ४०० वर्षांपूर्वी दाखवून देणारे वऱ्हाडी घराण्यातले कृष्ण दैवज्ञ

दहावीच्या गणितातला वर्गसमीकरणांचा धडा आठवतोय का? वर समीकरण असायचं आणि शेजारी एकच सूचना, अवयव पद्धतीने सोडवा. मग सुरू व्हायची शोधाशोध. अशा दोन संख्या हव्यात, ज्यांचा गुणाकार शेवटच्या संख्येइतका आणि बेरीज मधल्या संख्येइतकी. सापडल्या की गणित सुटलं, मार्क खिशात.

ही युक्ती चालते हे सगळ्यांना माहीत असतं. ती का चालते, हे फार कमी जण विचारतात. कुणी विचारलंच तर ठरलेलं उत्तर मिळतं, करून बघ, येतंय ना बरोबर? मग झालं तर.

साधारण ४०० वर्षांपूर्वी एका गणितज्ञाने नेमकं या उत्तरावर बोट ठेवलं. करून बघितलं आणि बरोबर आलं, एवढ्याने नियम खरा ठरत नाही, हे त्यांनी अगदी सोप्या हिशेबाने दाखवलं. हा माणूस नावारूपाला आला काशीत, पण घराणं आपल्या वऱ्हाडातलं.

त्यांचं नाव कृष्ण दैवज्ञ. भारतीय बीजगणिताचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांना टाळून पुढे जाता येत नाही. आज त्यांचीच गोष्ट बघू.

पयोष्णीच्या काठचं दधिग्राम

या घराण्यातल्या लोकांनी आपल्या ग्रंथांत स्वतःच्या कुळाची माहिती लिहून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला मिळते. मूळ गाव विदर्भातलं दधिग्राम, एलिचपूरच्या मुलखात, पयोष्णी नदीच्या काठी. एलिचपूर म्हणजे आजचं अमरावती जिल्ह्यातलं अचलपूर. पयोष्णी म्हणजे पूर्णा, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. मेळघाटच्या बाजूने उतरून अमरावती, अकोला असं करत पुढे तापीला मिळणारी तीच आपली पूर्णा.

घराण्याचा मूळपुरुष चिंतामणी. त्यांचा मुलगा राम, रामाचा त्रिमल्ल आणि त्रिमल्लाचा बल्लाळ. पिढ्यान्‌पिढ्या ज्योतिषाचं काम. त्या काळी ज्योतिषी म्हणजे फक्त पत्रिका बघणारा माणूस नव्हता. ग्रहणं कधी लागणार, ग्रह कुठे असणार, पंचांग कसं मांडायचं, हे सगळं त्यालाच करावं लागे. त्यासाठी अंकगणित, बीजगणित, भूमिती पक्की हवी. दैवज्ञ हे बिरुद अशा माणसाला लागायचं.

तो काळही वऱ्हाडसाठी उलथापालथीचा होता. एलिचपुरातून कारभार करणारी इमादशाही १५७४ मध्ये संपली आणि वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीत गेलं. १५९६ मध्ये चांदबिबीला मुघलांशी तह करावा लागला आणि वऱ्हाड मुघलांच्या हाती गेलं.

कृष्णाचे वडील बल्लाळ हे घराणं काशीला घेऊन गेले. यात नवल काही नव्हतं. १६ व्या शतकात महाराष्ट्रातली कित्येक विद्वान घराणी काशीला जाऊन स्थिरावली. तिथे पोथ्या होत्या, विद्यार्थी होते, वादविवादाला तोडीस तोड माणसं होती.

बल्लाळांना पाच मुलं. राम, कृष्ण, गोविंद, रंगनाथ आणि महादेव. यातले दुसरे कृष्ण पुढे बीजगणितातलं मोठं नाव झाले.

गुरू कोणाच्या परंपरेतले?

कृष्ण दैवज्ञांचे गुरू विष्णू. विष्णूंचे गुरू नृसिंह. आणि हे नृसिंह म्हणजे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांचे पुतणे.

गणेश दैवज्ञांचा १५२० सालचा ग्रहलाघव हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या पंचांगकर्त्यांच्या हाताशी होता. त्यांनीच १५४५ च्या सुमारास भास्कराचार्यांच्या लीलावतीवर टीका लिहिली. इथे टीका म्हणजे नावं ठेवणं नव्हे, मूळ ग्रंथ ओळीओळीने समजावून सांगणारं विवरण. त्या टीकेत गणेशांनी नियम देऊन सोडून दिले नाहीत, ते का खरे आहेत हेही सांगितलं.

या कारणमीमांसेला तेव्हा उपपत्ती म्हणत. आजच्या शाळेतला शब्द सिद्धता. कोकणातून निघालेली ही सवय दोन गुरूंच्या हातून काशीतल्या या वऱ्हाडी घरात पोहोचली.

बीजाला फुटलेली पालवी

भास्कराचार्यांचा बीजगणित हा ग्रंथ ११५० च्या आसपासचा. म्हणजे कृष्ण दैवज्ञांच्या हातात तो आला तेव्हा त्याला साडेचारशे वर्षं होत आली होती. श्लोक पाठ करायला सोपे, पण समजायला अवघड. नियम एका ओळीत, उदाहरण दुसऱ्या ओळीत, पुढचं तुमचं तुम्ही बघा.

१६०० च्या आसपास कृष्ण दैवज्ञांनी या ग्रंथावर सविस्तर टीका लिहिली. तिचं नाव बीजपल्लव. बीज म्हणजे बी आणि पल्लव म्हणजे पालवी. याच टीकेला नवांकुर असंही म्हणतात. भास्कराचार्यांनी बी पेरलं, आपण त्याला फुटलेली पालवी दाखवतोय, असा त्यातला अर्थ.

आता या ग्रंथात वर्गसमीकरणं कशी येतात ते बघू. भास्कराचार्यांचं एक गाजलेलं कोडं आहे. माकडांचा एक कळप आहे. त्याच्या आठव्या हिश्शाचा वर्ग केला तर जितकी संख्या येते, तितकी माकडं रानात खेळतायत. उरलेली १२ टेकडीवर आहेत. तर कळपात एकूण माकडं किती?

एकूण माकडं क्ष धरू. मग समीकरण असं होतं.

(क्ष ÷ ८)² + १२ = क्ष

दोन्ही बाजूंना ६४ ने गुणलं आणि सगळं एका बाजूला आणलं की,

क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०

आता आपली शाळेतली अवयव पद्धत लावू. गुणाकार ७६८ आणि बेरीज ६४ अशा दोन संख्या हव्यात. ७६८ च्या जोड्या लिहीत जायच्या. ८ आणि ९६, बेरीज १०४, जास्त झाली. १२ आणि ६४, बेरीज ७६, अजून जास्तच. १६ आणि ४८, बेरीज ६४. सापडल्या!

मग मधल्या पदाची फोड करायची.

क्ष² − ४८क्ष − १६क्ष + ७६८ = ०

क्ष(क्ष − ४८) − १६(क्ष − ४८) = ०

(क्ष − ४८)(क्ष − १६) = ०

दोन संख्यांचा गुणाकार शून्य आला, तर त्यातली निदान एक तरी शून्य असलीच पाहिजे. म्हणून क्ष एक तर ४८, नाहीतर १६. ताळा करून बघा. ४८ चा आठवा हिस्सा ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२, झाले ४८. १६ चा आठवा हिस्सा २, त्याचा वर्ग ४, अधिक १२, झाले १६. दोन्ही उत्तरं बरोबर आणि भास्कराचार्यांनीही दोन्ही मान्य केली.

भास्कराचार्य आणि कृष्ण दैवज्ञ हे समीकरण सोडवायला मात्र अवयव पाडत नव्हते. ते पूर्ण वर्ग करायचे. त्या रीतीला मध्यमाहरण म्हणत, म्हणजे मधलं पद घालवणं. ही रीत भास्कराचार्यांनी त्यांच्याही आधीच्या श्रीधराचार्यांच्या नावावर दिली आहे. वाट वेगळी, पण पोहोचायचं ठिकाण एकच.

आणि या दोन्ही वाटांखाली एकच पाया आहे. (अ + ब)² म्हणजे अ² + २अब + ब². शाळेत हे सूत्र आपण घोकून पाठ केलं. कृष्ण दैवज्ञ तिथेच थांबले आणि त्यांनी प्रश्न टाकला, हे खरं कशावरून?

जुळणारी, पण खोटी गोष्ट

कुणी म्हणेल, चार-दोन संख्या घालून बघा, जुळतंय. कृष्ण दैवज्ञांचं म्हणणं असं की चार-दोन ठिकाणी जुळण्याला काहीच किंमत नाही. आणि ते पटवायला त्यांनी मुद्दाम एक खोटा नियम पुढे ठेवला.

नियम असा. कुठल्याही दोन संख्यांच्या गुणाकाराची चौपट ही त्यांच्या बेरजेच्या वर्गाइतकी असते.

तपासून बघू. २ आणि २ घ्या. गुणाकार ४, चौपट १६. बेरीज ४, तिचा वर्ग १६. जुळलं. ३ आणि ३ घ्या. गुणाकार ९, चौपट ३६. बेरीज ६, वर्ग ३६. जुळलं. ४ आणि ४ घ्या. चौपट ६४, बेरजेचा वर्ग ६४. हेही जुळलं.

तीन उदाहरणं, तिन्ही बरोबर. आजच्या भाषेत रील बनवून टाकायला एवढं पुष्कळ झालं.

आता २ आणि ३ घ्या. गुणाकार ६, चौपट २४. बेरीज ५, वर्ग २५. संपलं.

कृष्ण दैवज्ञांचा मुद्दा एवढाच होता. काही ठिकाणी खरी दिसणारी गोष्ट दुसरीकडे उलटी निघू शकते. म्हणून नियमामागचं कारण सांगावंच लागतं, नुसती उदाहरणं पुरत नाहीत. ही अट ते कुणा परक्याच्या ग्रंथाला लावत नव्हते. ज्या भास्कराचार्यांवर त्यांची श्रद्धा होती, त्यांच्याच ग्रंथाला लावत होते.

गंमत पुढेच आहे. या खोट्या नियमात जेवढं कमी पडतं, तेच नेमकं वर्गसमीकरण सोडवण्याची किल्ली आहे.

आपल्या माकडांच्या संख्या घ्या, ४८ आणि १६. बेरजेचा वर्ग ४०९६. गुणाकाराची चौपट ३०७२. फरक पडला १०२४ चा. आणि १०२४ म्हणजे ३२ चा वर्ग. हे ३२ कुठून आले? ४८ वजा १६.

कागदावर चित्र काढलं की हे डोळ्यांनी दिसतं. ४८ लांब आणि १६ रुंद असे चार आयत कापा. एका चौरसाच्या चार कडांवर ते एकामागोमाग असे फिरवत मांडा की प्रत्येक बाजूवर एका आयताची लांबी आणि दुसऱ्याची रुंदी येईल. बाहेरचा चौरस होतो ६४ बाजूचा. चारही आयत बसले तरी मध्ये एक चौकोनी भोक उरतं, ३२ बाजूचं. बाहेरचा चौरस म्हणजे बेरजेचा वर्ग. चार आयत म्हणजे गुणाकाराची चौपट. मधलं भोक म्हणजे फरकाचा वर्ग.

म्हणजे खरा नियम असा आहे. बेरजेचा वर्ग = गुणाकाराची चौपट + फरकाचा वर्ग.

दोन्ही संख्या सारख्या घेतल्या की फरक शून्य. भोकच नाहीसं होतं. म्हणून २ आणि २, ३ आणि ३, ४ आणि ४ यांनी आपल्याला फसवलं.

आता हे वापरायचं कसं? समजा समीकरण आहे क्ष² − ६७क्ष + ११२० = ०. गुणाकार ११२० आणि बेरीज ६७. जोड्या शोधत बसलात तर बराच वेळ जाईल. त्यापेक्षा ६७ चा वर्ग करा, ४४८९. त्यातून ११२० ची चौपट, म्हणजे ४४८०, वजा करा. उरले ९. म्हणजे फरकाचा वर्ग ९, फरक ३. बेरीज ६७ आणि फरक ३ असलेल्या संख्या ३५ आणि ३२. झाले अवयव, (क्ष − ३५)(क्ष − ३२).

दहावीत सूत्र पद्धतीत वर्गमुळाखाली जे ब² − ४अक येतं, ते दुसरंतिसरं काही नाही. ते हेच मधलं भोक आहे.

ऋण म्हणजे नक्की काय?

वर्गसमीकरणं आली की ऋण संख्या येतातच. शून्यापेक्षा कमी म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हाही पडायचा. कृष्ण दैवज्ञांनी याचं उत्तर फार सोपं केलं. ऋण म्हणजे उलटं. आणि हा उलटेपणा तीन प्रकारचा, जागेचा, काळाचा आणि वस्तूचा. पूर्वेला जाणं धन धरलं तर पश्चिमेला जाणं ऋण. पुढचे दिवस धन धरले तर मागचे ऋण. हातातला पैसा धन, तर डोक्यावरचं कर्ज ऋण.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. रेल्वेने मूर्तिजापूरला उभे आहात. एका बाजूला बडनेरा, दुसऱ्या बाजूला अकोला. मूर्तिजापूरला शून्य म्हणा, बडनेऱ्याकडची अंतरं धन, अकोल्याकडची ऋण. ऋण अंतर म्हणजे नसलेलं अंतर नव्हे, ते उलट्या दिशेचं अंतर आहे, हे लगेच कळतं. आज शाळेत ज्याला संख्यारेषा म्हणतात, तिच्या फार जवळ जाणारी ही कल्पना आहे.

पण प्रत्येक ऋण गोष्ट चालवून घ्यावी असंही नाही. भास्कराचार्यांचं माकडांचंच दुसरं कोडं आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून ३ वजा करा, उरेल त्याचा वर्ग करा, तितकी माकडं गुहेत गेली. एक बाहेर दिसतंय. एकूण किती? समीकरण येतं क्ष² − ५५क्ष + २५० = ०. अवयव पडतात (क्ष − ५०)(क्ष − ५). उत्तरं ५० आणि ५.

भास्कराचार्यांनी ५० ठेवलं आणि ५ सोडलं. कारण ५ चा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ कसे काढणार? उणे २ माकडं कुणी पाहिली आहेत? समीकरण दोन उत्तरं देतं, पण ती दोन्ही प्रश्नाला लागू पडतात का, हे आपल्यालाच बघावं लागतं. परीक्षेत बाग, रस्ता, वय यांच्या गणितात ऋण उत्तर खोडतो, ते याच कारणाने.

जहांगीरचा मान आणि रहीमची पत्रिका

कृष्ण दैवज्ञांचं नाव काशीपुरतं राहिलं नाही. बादशहा जहांगीर याच्याकडे त्यांना मान होता. जहांगीर १६०५ मध्ये गादीवर आला, म्हणजे तोवर बीजपल्लव लिहून झाला होता.

त्यांचा दुसरा ग्रंथ पत्रिका मांडण्याच्या गणितावर आहे. श्रीपती या जुन्या ग्रंथकाराच्या जातकपद्धतीतले नियम त्यांनी एक खरी पत्रिका घेऊन समजावले. ती पत्रिका होती अब्दुर्रहीम खानखानान याची. हो, तोच रहीम, ज्याचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात शिकलो. अकबराचा हा सरदार दख्खनच्या मोहिमांवर होता. ज्या वर्षांत वऱ्हाड मुघलांकडे गेलं, त्या सगळ्या राजकारणात तो होताच. एकीकडे वऱ्हाडातलं घराणं आणि दुसरीकडे वऱ्हाडवर चाल करून आलेला सरदार, दोघांची गाठ अशी एका गणिताच्या पानावर पडते.

ग्रहणांच्या गणितावरही त्यांनी छादकनिर्णय नावाचा ग्रंथ लिहिला.

घराणं पुढे काय झालं?

धाकटे भाऊ रंगनाथ यांनी सूर्यसिद्धांतावर गूढार्थप्रकाशक ही टीका लिहिली, १६०३ मध्ये. त्याच वर्षी त्यांना मुलगा झाला. हा मुलगा मुनीश्वर. कृष्ण दैवज्ञांच्या या पुतण्याने पुढे लीलावतीवर टीका लिहिली आणि १६४६ मध्ये सिद्धांतसार्वभौम हा स्वतःचा ग्रंथ पुरा केला. म्हणजे भास्कराचार्यांचं बीजगणित काकांनी समजावलं आणि लीलावती पुतण्याने.

बीजपल्लवचं आयुष्य त्याहून लांबलं. १८१७ मध्ये कोलब्रुक या इंग्रज अभ्यासकाने लीलावती आणि बीजगणित यांचं इंग्रजी भाषांतर लंडनला छापलं. भास्कराचार्यांचे नियम त्याने वर दिले आणि ते का खरे आहेत हे सांगायला खाली तळटीपांत जागोजागी कृष्ण दैवज्ञांचा आधार घेतला. युरोपातल्या अभ्यासकांना भारतीय बीजगणिताची ओळख झाली, तेव्हा समजावणारा आवाज काही प्रमाणात या माणसाचा होता. पुढे १९३० मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमाने ही टीका मूळ ग्रंथासह छापली. १९५८ मध्ये ती तंजावरहूनही निघाली.

कृष्ण दैवज्ञांनी वर्गसमीकरण शोधून काढलं नाही. ते त्यांच्या कितीतरी शतकं आधीपासून आपल्याकडे सोडवलं जात होतं. त्यांनी केलं ते एवढंच, की उत्तर बरोबर आल्यावरही प्रश्न विचारणं थांबवलं नाही.

त्यामुळे पुढच्या वेळी व्हॉट्सअॅपवर एखादी भन्नाट गणिती युक्ती आली आणि तिच्यातली तिन्ही उदाहरणं जुळली, तर पुढे ढकलण्याआधी चौथं उदाहरण स्वतः घ्या. आणि ते घेताना दोन्ही संख्या सारख्या घेऊ नका. मध्ये भोक उरतंय का, ते तेव्हाच दिसेल.